ज्यानं पाहिलं तो

“आज सोमवार आहे” असं साधं विधान त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. वार विचारला की ते भिंतीकडे बोट दाखवत आणि म्हणत, “क्यालेंडर सोमवार म्हनते बा.” घरची मंडळी बरी आहेत ना, असं कुणी सहज विचारलं तर, “निघालो तवा बरी होती. त्याले दोन घंटे झाले.” सर्व्हिस बुक भरताना जन्मतारखेच्या रकान्यापाशी ते पाऊण तास अडून बसले होते म्हणे. “मी हजर होतो, पन पाह्यल्याचं ध्यानात नाई. माय सांगे ते लिवू का?” तेव्हाच्या बडेबाबूंनी वैतागून तारीख लिहिली आणि पुढे ‘ऐकीव’ असा शेरा मारला. शेरा मी स्वतः पाहिला आहे. पाऊण तासाचं मात्र ऐकलेलं आहे. हा भेद करायची सवय मला त्यांनीच लावली, आणि तिचा मला म्हणावा तसा उपयोग झाला नाही.

आमच्या कोर्टात ते गोंडीचे दुभाषी होते. गोष्ट पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती, राज्य मध्यप्रदेश होतं, आणि मॅजिस्ट्रेट बहुधा जबलपूर-सागरकडून यायचे. साहेब हिंदीत विचारणार, कागद अर्धे मराठीत, आणि समोरचा आरोपी या दोन्ही भाषांकडे सारख्याच कुतूहलानं पाहणार. मधे हा एकटा माणूस. न्याय म्हणून जे काही त्या जंगलात पोचायचं ते त्यांच्या तोंडातून गाळून पोचायचं. मी साहेबांचा रीडर होतो. नावाला वाचणारा, कामाला लिहिणारा. वर्ध्याहून आलेला, चष्मिष्ट, नोकरीत अजून कायम न झालेला.

ते उंच होते आणि उंचीची लाज असल्यासारखे वाकून चालत. कोटाला एकच बटण. पण लक्षात राहायची ती त्यांची पाहण्याची पद्धत. साधं पाण्याचं मडकं पाहायचं असलं तरी मान पुढे काढून, गिऱ्हाइकानं बैलाचे दात पाहावेत तसं पाहत. वडील एका जंगलातल्या गावी शाळामास्तर होते, त्यामुळे मराठीच्या आधी गोंडी आली. पुढे नागपूरला एका पाठशाळेत चार-सहा वर्षं संस्कृत घोकलं. म्हणजे कचेरीत ज्यांना शून्य किंमत अशा दोन भाषा ते उत्तम जाणत, आणि तिसरीत पगार घेत.

पाठशाळेनं त्यांना एक शब्द दिला होता आणि तो त्यांच्या मानगुटीवर बसला होता. दौऱ्यावर निघालो की साहेब पुढे घोड्यावर, आम्ही दोघं मागच्या बंडीत, दप्तराच्या पेट्यांवर. बंडीनं गाव सोडलं की ते सुरू होत.

“साक्षी म्हन्जे काय, सांगा बरं रीडरसाहेब.”

“साक्ष देणारा.”

“हे तं पाण्याले पानी म्हनल्यासारखं झालं. अक्षि म्हन्जे डोया. अक्षासमोर, डोयासमोर घडते ते साक्षात्. साक्षात् ज्यानं पाह्यलं तो साक्षी. बोलनं त्याच्यात कुठीच नाई. तो मुका असला तरी साक्षी हाये. तोंड हे कोर्टानं मागून लावलं.”

मग ते ‘साक्षीदार’कडे वळत. संस्कृत धडाला फारशी शेपूट, असं त्या शब्दाचं वर्णन करीत. “जमीनदार जमीन बाळगते, चौकीदार चौकी बाळगते, हा साक्ष बाळगते. आपल्याकडचे बाळगत नाईत, मागून आनतात.” हिंदीतला गवाह फारशीतून आला, आणि अरबीत साक्ष देणारा शाहिद आणि जीव देणारा शहीद हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. ते त्यांना गडचिरोलीच्या एका अत्तरवाल्या मौलवीनं सांगितलं होतं. “मले अरबी येत नाई,” हे ते प्रत्येक वेळी पुढे जोडत. गोंडीत साक्षीदाराला काय म्हणतात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “माह्या कानावर तसा शब्द आला नाई. मी ‘ज्यानं पाह्यलं तो’ म्हनतो.”

एवढ्या निरुपद्रवी भाषांतरानं केवढा उत्पात होतो ते मी चामोर्शीच्या पलीकडच्या एका मुक्कामात पाहिलं. जंगल खात्याचा चोरतोडीचा खटला होता. खात्याकडे पंच ठरलेले असायचे: नाकेदाराच्या, म्हणजे खात्याच्या वनरक्षकाच्या, आवारात राबणारी माणसं. त्यांना उभं करायचं, पंचनाम्यावरचा अंगठा त्यांचाच ना एवढं विचारायचं, की काम झालं. तशा एकाला उभं केलं. साहेब म्हणाले, “पूछिए, यह गवाह है?” दुभाष्यांनी गोंडीत विचारलं: ज्यानं पाहिलं तो तूच का?

त्या माणसाला प्रश्न फार सोपा वाटला असावा. तो मोकळेपणानं हसला आणि काहीतरी बोलला. दुभाष्यांनी तितक्याच गंभीरपणे भाषांतर केलं, “हुजूर, तो म्हनते, पाह्यलेला मी नाई. मी आनलेला हाये.”

हिरव्या बनातीच्या टेबलामागे साहेब लाल झाले. दोन मिनिटांत खटला कोसळला. जाताना ते म्हणाले, “दुभाषीजी, सवाल सरकारी है. उसमें अर्थ मत डाला कीजिए.”

“अर्थ मी नाई टाकला, हुजूर. होताच त्याच्यात.”

याच साहेबांच्या आधीच्या साहेबांना निरोप देताना कचेरीनं मानपत्र केलं होतं. ‘आपल्या कारकिर्दीत सारी तहसील सुखसमाधानात नांदली’ असं त्यात एक वाक्य होतं. चांदीच्या नळकांड्यात घालायच्या कागदावर अशी वाक्यं आपोआप उगवतात. सगळ्यांनी सह्या केल्या. मानपत्र दुभाष्यांपुढे आलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. “मी औंदा चामोर्शीच्या पुढं गेलो नाई. तिकडचं सुख पाह्यलं नाई.” बडेबाबूंनी हात जोडले. शेवटी यांनी सही केली आणि कंसात बारीक अक्षरात लिहिलं: चामोर्शीपर्यंत. निघून जाणाऱ्या साहेबांनी ते समारंभात मोठ्यानं वाचलं, कारण मानपत्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची त्यांना हौस होती.

आम्ही यावर पुष्कळ हसलो. मग एका दुपारी त्यांना तार आली. बायको माहेरी, सिरोंच्याकडे गेली होती, ती वारली. तार पोस्टमास्तरांनी स्वतः आणून वाचली. यांनी ती घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि समोरच्या आरोपीला पुढचा प्रश्न विचारला. संध्याकाळी खानावळीत नेहमीसारखे जेवले. लोक म्हणाले, दगड आहे. मी न राहवून म्हणालो, “अहो, सुतक तरी पाळा.”

“तार म्हनते,” ते म्हणाले. “तारेनं पाह्यलं काय?”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते चालत निघाले. दहाव्या दिवशी परत आले. डोकं भादरलेलं, पाय सुजलेले. टेबलापाशी उभे राहिले आणि एकच शब्द बोलले, “पाह्यलं.” त्यानंतर कचेरीत त्यांच्यावर कुणी विनोद केला नाही. आणि घरची मंडळी कशी आहेत, असंही त्यांना कुणी विचारलं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो.

त्या हिवाळ्यात साहेबांचा मुक्काम अशा एका गावी पडला की तिथून पुढे बंडीची वाट नव्हती. आभाळ स्वच्छ असलं की सूरजागडचे डोंगर निळे दिसायचे. तंबू कुठे ठोकायचे ते पाहायला आम्ही दोघं एक दिवस आधी गेलो. गावात धूर भरला होता. नदीकाठचा खात्याचा सागाचा डेपो आदल्या रात्री जळाला होता. चौकीदाराच्या शेकोटीनं जळाला, असं गाव दबक्या आवाजात सांगत होतं. पण चौकीदार नाकेदाराचा मेव्हणा होता, आणि शेकोटीला कोर्टात उभं करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाकेदाराच्या पडवीत चहाची वाट पाहत बसलो होतो. पडवीच्या दुसऱ्या टोकाला नाकेदार उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर डोलू नावाचा एक गोंड. वनग्रामातला, खात्याच्या बोलावण्यावर कामाला येणारा माणूस. नाकेदारानं शाईची गादी पुढे केली. “हजेरीचा अंगठा दे रे.” डोलूनं अंगठा दिला. एका कागदावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. तिन्ही कागद कोरे होते. आमच्यात आणि त्यांच्यात दहा हातांचं अंतर होतं आणि ऊन थेट त्या कागदांवर पडलं होतं.

आठ दिवसांनी डोलू बेड्या घालून साहेबांपुढे आला. डेपो आपण जाळल्याचा त्याचा कबुलीजबाब खात्यानं दाखल केला: तीन पानं, वळणदार अक्षर, प्रत्येक पानाखाली अंगठा. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. नाकेदार पोलीस नसतो, म्हणून त्याच्यापुढची चालते. त्या तीन पानांपलीकडे डोलूविरुद्ध काहीही नव्हतं. ती पानं कोरी होती एवढं जर कुणी सांगितलं असतं, तर तो त्याच संध्याकाळी घरी गेला असता.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, आदल्या दिवशी दुभाषी साहेबांच्या तंबूत गेले. मी तिथेच कागद लावत होतो.

“हुजूर, या खटल्यात मले साक्ष द्याची हाये.”

साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस म्हणून वाईट नव्हते. बदलीची ऑर्डर खिशात होती आणि दप्तर निकालात काढायचं होतं. म्हणाले, “दीजिए. मगर जो गवाह है वह उसी मुकदमे में दुभाषी नहीं हो सकता. फिर दुभाषी कौन?” आणि स्वतःच उत्तर दिलं: खात्याचा चौकीदार गोंडी जाणतो. तो शपथ घेऊन काम करील.

चौकीदार म्हणजे नाकेदाराचा मेव्हणा. शेकोटीवाला.

दुभाषी बाहेर आले आणि नदीकडे चालायला लागले. मी मागून गेलो. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला स्वच्छ कळत होतं. साक्ष दिली तर डोलूचं तोंड शत्रूच्या हातात जातं. न दिली तर डोलूसाठी पाहणारं कुणी उरत नाही. या पेचातून सुटायला एकच वाट होती, आणि ती त्यांच्या शेजारून चष्मा लावून चालत होती. साक्ष मी द्यायची. रीडरचं काम कुणीही लिहिता येणारा करू शकला असता.

मीच बोलायला लागलो. अजून कायम झालो नाही. बहिणीचं लग्न ठरतंय. वनखात्याच्या बड्या साहेबांचं नि आपल्या साहेबांचं बसणंउठणं आहे. आणि खरं म्हणजे त्या दिवशी चहा येतो की नाही याच्याकडेच माझं लक्ष होतं.

त्यांनी सगळं ऐकलं. मग मान पुढे काढून, मडक्याकडे पाहायचे तसं माझ्याकडे पाहिलं.

“मी तुमाले काई पुसलं काय, रीडरसाहेब?”

पेशी मोहाच्या झाडाखाली भरली. दुभाष्यांनी साक्ष दिली आणि ती मी लिहून घेतली. पडवी, ऊन, तीन कोरे कागद, दहा हात. नाकेदाराचं म्हणणं होतं की कागद लिहिलेले होते, दुभाषीभाऊंना लांबून दिसलं नसेल, वय झालं. मग डोलूला विचारलं. तो बोलत होता चौकीदाराला, पण पाहत होता दुभाष्यांकडे. लहान मूल अनोळखी माणसाच्या कडेवरून आईकडे पाहतं तसा. बराच वेळ बोलला. चौकीदार म्हणाला, “हुजूर, गलती झाली म्हनते. माफी मांगते.”

“तो असं नाई म्हनला!” दुभाषी ओरडले. इतकी वर्षं मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. “तो हजेरीचं सांगून राह्यला!”

“आप गवाह हैं,” साहेब म्हणाले. “दुभाषी वह है. चुप रहिए.” मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, “उस समय आपके साथ और कोई था?”

“रीडर होते.”

मी ‘रीडर होते’ असं लिहिलं.

“उन्होंने देखा?”

टाक कागदावर टेकवून मी थांबलो. झाडावर कुठेतरी एक खार चिरचिरत होती. दुभाषी सावकाश म्हणाले, “त्याईनं पाह्यलं, हे मी पाह्यलं नाई. मी कागदाकडं पाहत होतो.”

साहेब माझ्याकडे वळले. “क्यों, रीडर साहब?”

“ध्यान नहीं गया, हुजूर,” मी म्हणालो. आणि तेही माझ्या अक्षरात लिहून घेतलं.

डोलूला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. दुभाष्यांना पक्षपाती म्हणून कामावरून कमी करण्यात आलं. मी कायम झालो. नाकेदाराची बढती झाली असं ऐकलं, पाहिलं नाही. चांद्याच्या तुरुंगात डोलूचे हाल झाले असतील असं वाटायचं, तेव्हा मी स्वतःची समजूत घालायचो की निदान बोलायला तरी माणसं असतील. साऱ्या जिल्ह्यात गोंडी बोलायची उत्तम सोय तुरुंगातच होती.

आणि आणखी एका समजुतीवर मी जवळजवळ वर्ष काढलं: त्यांनी मला वाचवलं. आपला तो जगावेगळा काटेकोरपणा त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी छत्रीसारखा धरला. माणूस मोठा, असं मी मनात म्हणायचो. भित्र्या माणसाला दुसऱ्याचा मोठेपणा फार लवकर दिसतो.

वर्ष संपायच्या आत डोलू तुरुंगात तापानं मेला. त्याचं सामान सरकारी टपालानं तहसिलीत आलं आणि वारसाला बोलावणं गेलं. चार दिवस चालून त्याची बायको आली. काळी, हाडकुळी, न थकलेली. टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“भाऊ बाहेर बसले,” ती मोडक्या मराठीत म्हणाली. “अंदर येत नाई म्हनते.”

खिडकीतून दुभाष्यांची वाकलेली पाठ दिसत होती. मी कागद काढायला लागलो. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

“त्या दिशी नाकेदाराच्या पडवीत तुमी होते.”

“कोण म्हणालं तुला, बाई?”

“कोन कायले म्हनन? म्या पाह्यलं. घरवाल्यासंगं आली होती. कुडाच्या मांगं उभी होती. तुमी चष्मा काहाडला, धोतरानं पुसला, अन् पुन्ना लावून पाह्यलं.”

मी तिला त्या दिवशी पाहिलं नव्हतं. एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकलो असतो.

“हे… भाऊंना सांगितलं होतंस?”

“सांगतलं. पेशीच्या आदल्या दिशी, नदीवरून आले तवा.”

“मग?”

“ते म्हनले, तू पाह्यलं, तं तू सांग. मी कसा सांगू? मंग मले कोनी पुसलंच नाई.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी पाहिलं हे त्यांनी ऐकलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा ते मला वाचवत नव्हते. ते फक्त जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणत नव्हते. एक शब्द तिरपा टाकला असता, ‘त्यांनाच विचारा, त्यांनी चष्मा पुसला’ एवढं ऐकीव बोलले असते, तर मी बहुधा कोसळलो असतो आणि डोलू सुटला असता. ते बोलले नाहीत. माझ्या भित्रेपणानं तो माणूस आत गेला की त्यांच्या खरेपणानं, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. आजही, वाटणी करायला बसलो की मोठा वाटा माझ्याकडे येतो, पण सगळा येत नाही. ते बाहेर झाडाखाली बसले होते ते मला टाळायला की तिला, हेही मला माहीत नाही.

मी पावती पुढे केली आणि शाईची गादी उघडली. तिनं हात मागे घेतला.

“पयले वाचून दाखवा.”

वाचून दाखवायचा नियम नव्हता. मी वाचलं. धोतर एक, घोंगडी एक, पितळी कडं एक, तंबाखूची चंची एक. तिनं एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली, मग अंगठा दिला. नंतर पावतीच्या तळाशी बोट ठेवलं.

“हे खालतं रिकामं काऊन?”

साक्षीदाराची जागा होती ती. दस्तूर असा होता की ती कोरी ठेवायची आणि संध्याकाळी पट्टेवाल्यानं सगळ्या पावत्यांवर एकदम सह्या ठोकायच्या.

“तिथे साक्षीदार सही करतो,” मी म्हणालो.

“कोन?”

“ज्यानं पाहिलं तो.”

“मंग करा,” ती म्हणाली. “आता तं पाह्यलं ना तुमी?”

मी सही केली. अक्षरं वाळेपर्यंत ती टेबलापाशी वाकून पाहत राहिली.